बंदर बांधून झाल्यावर

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी बैलगाडीने किनाऱ्याला आली आहे. बोटी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून उभ्या राहतात, लहान होड्या मासळी उथळ पाण्यापर्यंत आणतात आणि पोटाला पाणी लागेपर्यंत आत शिरलेले बैल ती ओल्या वाळूवर ओढून काढतात. संध्याकाळी तिथेच, वाळूवर, लिलाव सुरू होतो. पर्यटक त्याचे हौसेने फोटो काढतात. मासळीवर पोट असलेल्यांचं मागणं मात्र एकच असतं, धक्का हवा. ते रास्तच आहे. बोटीतून होडीत, होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर अशी एकेक टोपली हात बदलत जाते. प्रत्येक हाताला मजुरी द्यावी लागते आणि तेवढा वेळ मासळीवरचा बर्फ वितळत राहतो.

पण धक्का झाला म्हणजे बंदर झालं, ही समजूत आपल्या किनाऱ्याला महाग पडली आहे. कोनशिला बसते, फीत कापली जाते, काँक्रीटच्या पट्टीचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं. दोन पावसाळे जातात आणि त्या धक्क्याला भरतीशिवाय बोट लागत नाही, लिलावगृहात जुनी जाळी पडून राहतात आणि मासळी पुन्हा वाळूवरच विकली जाऊ लागते. यात कुणा एका इंजिनिअरची चूक शोधून फारसं हाती लागत नाही. बांधकामाला अंदाजपत्रक असतं, मुदत असते, ठेकेदार असतो. त्यानंतरची पन्नास वर्षं बंदर चालवण्याला यातलं काहीच नसतं. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

बंदराचं पहिलं काम आडोसा देणं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. अशा वेळी हर्णैच्या बोटींना जवळचा आसरा म्हणजे आंजर्ल्याची खाडी. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, त्यामुळे आत शिरायला भरती लागते. वादळ नेमकं ओहोटीला आलं, तर आसरा असून नसल्यासारखा.

भरतीची वेळ कोकणात पंचांगावरूनच काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा सुमार कळतो. अष्टमीला साधारण सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. पाणी किती चढेल तेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीला भांग. मुंबईत मोठ्या उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते, तर मालवण-गोव्याकडे हा चढउतार निम्म्यावर येतो. धक्क्याची उंची मात्र एकदा ठरली की ठरली. उधाणाच्या ओहोटीला बोट धक्क्याच्या कडेपासून पुरुषभर, कधी त्याहून खाली जाते. मग शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकापाठोपाठ माणसं उभी करून टोपल्या वर चढवाव्या लागतात. पाय घसरण्याचे प्रकार तिथेच होतात. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, म्हणजे पाँटून, हा त्यावरचा उपाय. प्रवासी जेट्ट्यांवर तो आता दिसू लागला आहे. मासळीच्या बंदरांना तो फार कमी ठिकाणी लाभला आहे.

आता वाळू आणि गाळ. बंदराच्या आखणीतला सगळ्यात अवघड भाग हाच. किनाऱ्यावर लाट क्वचितच सरळ समोरून येते. ती तिरकी येते, तिरकी फुटते आणि फुटताना वाळूचे कण किनाऱ्याच्या कडेकडेने थोडे पुढे सरकवते. एका लाटेने काही होत नाही. पण वर्षभर हेच चाललं की काही किनाऱ्यांवरून लाखो टन वाळू एका दिशेने वाहून जाते. त्या वाटेत ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी दगडी भिंत, समुद्रात घातली की वाळू एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहतो. चेन्नईत १८७०च्या दशकात बंदराचं काम सुरू झालं आणि पुढच्या दशकांत हे डोळ्यांसमोर घडलं. दक्षिणेला वाळू साचत गेली, आज जगभरचे लोक जिथे फिरायला जातात तो मरीनाचा चौपाटीपट्टा रुंद झाला. उत्तरेला रायपुरमच्या बाजूला समुद्राने जमीन गिळली आणि तिथे दगड रचत बसावं लागलं. एका गावाला चौपाटी मिळाली ती दुसऱ्या गावाच्या किनाऱ्यातून.

केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या मुथलपोळीची गोष्ट याहून वेदनेची आहे. वामनपुरम नदीच्या तोंडाशी दोन ब्रेकवॉटर घालून मच्छीमार बंदर केलं. तोंडाशी वाळूचा उंचवटा साचत गेला आणि तेव्हापासून त्या तोंडातून ये-जा करताना साठाहून अधिक मच्छीमारांचे जीव गेले. याचं कारण समजून घ्यायला हवं. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. बाहेर खोल पाण्यात दोन मीटरची लाट बोटीखालून सहज सरकून जाते. तीच लाट अडीच मीटर खोलीच्या उंचवट्यावर आली की कोसळते. आत शिरणाऱ्या बोटीच्या पाठीमागून ती आली तर बोटीचा मागचा भाग उचलला जातो, सुकाणू पाण्याबाहेर येतं, तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, हातात काही उरत नाही. बोट आडवी होते आणि पुढची लाट तिला उलटवते. जिथे सुरक्षितता मिळावी म्हणून भिंती घातल्या, तिथेच, घर दिसत असताना, माणसं बुडतात.

कोकणचा किनारा चेन्नईसारखा सलग नाही. इथे डोंगराची नाकं समुद्रात घुसलेली आणि दोन नाकांच्या मध्ये चंद्रकोरीसारखा वाळूचा पट्टा. वाळू बहुतेक त्या पट्ट्यातल्या पट्ट्यातच फिरते. पण एका कोपऱ्यात भिंत घातली की दुसरा कोपरा ओसरतो, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात कुणाच्या तरी होड्या ओढून ठेवलेल्या असतात. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात नद्या लाल माती घेऊन येतात. बंदराचं पाणी जितकं शांत, तितका त्यात गाळ जास्त बसतो. म्हणजे चांगला आडोसा करायचा तर गाळ पदरात घ्यावाच लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तोंडाशी साचणाऱ्या गाळाची तक्रार नवी नाही, आणि एकदा उपसला की सुटलो असंही तिथे कधी झालेलं नाही. गाळ काढणं हे बंदराचं रोजचं खाणंपिणं आहे. त्याचा खर्च धक्क्याच्या अंदाजपत्रकातच, पुढच्या कित्येक वर्षांसाठी, बांधून ठेवायला हवा.

हे सगळं आधी तपासता येतं, आणि तेही घरच्या घरी. १९१६ पासून चालत आलेलं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधतं. मोठ्या शेडमध्ये सिमेंटचा किनारा, त्यात पाणी, यंत्राने उठवलेल्या लाटा, कृत्रिम भरती-ओहोटी. भिंत दहा अंश वळवली तर आतलं पाणी किती हलेल, तोंड कुठे ठेवलं तर गाळ कमी शिरेल, हे तिथे दगड टाकण्यापूर्वी पाहता येतं. बंगळुरूला खास मच्छीमार बंदरांच्या आखणीसाठी १९६८ मध्ये केंद्रीय संस्था उभी राहिली, ती आजही सर्वेक्षण करते. विद्या आहे, माणसं आहेत. अभ्यास होण्यापूर्वी भूमिपूजनाची तारीख ठरते, तिथे गाडी अडते. आणि अभ्यास झाला तरी त्यात स्थानिक तांडेलाला विचारलेलं नसेल तर तो अर्धाच. पश्चिमेचा वारा सुटला की कुठल्या खडकाजवळ पाणी फिरतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

धक्का किती लांब हवा, हा प्रश्न वरकरणी साधा. शंभर बोटींचं बंदर धरू. एका बोटीला धक्क्यावर जागा लागते अठरा मीटर आणि मासळी उतरवायला दीड तास. सगळ्यांना बाजार गाठायचा असतो, म्हणून बोटी सहा तासांच्या आत येतात. एका जागेवर सहा तासांत चार बोटी रिकाम्या होतील, म्हणजे पंचवीस जागा, साडेचारशे मीटर धक्का. आता लिलाव रेंगाळला, हातगाड्या कमी पडल्या, बर्फाची गाडी आडवी लागली आणि दीड तासाचे तीन तास झाले, तर तेवढ्याच बोटींना नऊशे मीटर लागतात. साडेचारशे मीटर जादा काँक्रीट ओतणं किंवा लिलाव वेळेत उरकणं, असे हे दोन पर्याय आहेत. आपण बहुधा काँक्रीटचा विचार करतो, कारण त्यासाठी निधी येतो. हातगाड्यांसाठी आणि शिस्तीसाठी येत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. मासळी उतरवणं, डिझेल-बर्फ-पाणी भरणं आणि फेऱ्यांच्या मध्ये विसावा घेणं ही बोटीची तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींना वेगळी जागा लागते. रिकामी झालेली बोट उतरणीच्या धक्क्यालाच बांधून खलाशी घरी गेले, तर मागच्या बोटीची मासळी तिष्ठत राहते. त्यातच मोडक्या, मालक विसरून गेलेल्या बोटी. एकेका बंदरात अशा बोटींचे सांगाडे चिखलात रुतून चांगली खोल जागा अडवून बसलेले असतात. त्या हलवायला कुणाकडे अधिकार नाही, कुणाकडे पैसा नाही, कुणाकडे इच्छा नाही.

मासळी टिकायला आपल्या हवेत साधारण किलोला किलो बर्फ धरतात. बर्फाचा कारखाना बंदराजवळ नसेल तर मासळीचा भाव समुद्रातच पडायला सुरुवात होते. लिलावाच्या फरशीला उतार, खाली गटार, धुवायला स्वच्छ पाणी, बायकांसाठी शौचालय. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ. पहाटे तीनला घरून निघालेल्या बाईला दुपारपर्यंत बंदरावर राहायचं असतं, ही साधी गोष्ट नकाशा काढणाऱ्याला सुचत नाही, याचा मला राग येतो.

पाण्याइतकाच तंटा जमिनीचा. कोळीवाड्याच्या समोरची मोकळी वाळू सातबारावर बहुधा कुणाच्या नावावर नसते. बाहेरच्या माणसाला ती रिकामी दिसते. वर्सोवा, मढ, गोराईच्या बाजूला बांबूंच्या वलांडी उभ्या करून त्यावर जोडीजोडीने बोंबील अडकवलेले पाहिले, तर ही जागा किती भरलेली आहे ते कळतं. वारा आरपार जायला हवा, ऊन सलग मिळायला हवं, कुत्र्यांपासून आणि धुळीपासून दूर असायला हवं. दोन इमारती मध्ये आल्या की वारा अडतो आणि बोंबील सुकण्याऐवजी कुजतो. जाळी पसरून शिवायलाही अशीच जागा लागते. ती आराखड्यात दाखवली नाही की मच्छीमार मिळेल तिथे ताडपत्री टाकून सामान ठेवतात आणि पुढे त्याच आडोशाला अतिक्रमण म्हणतात. मिरकरवाड्यात जानेवारी २०२५ मध्ये प्रशासनाने मोठी कारवाई करून बांधकामं हटवली. बंदराची जागा बंदराला मिळावी हे योग्यच. त्याचबरोबर जाळ्यांची, सुक्या मासळीची, हत्यारांची जागा कुठली, याचं उत्तर त्याच नकाशावर लिहिलेलं असावं. नाहीतर दोन वर्षांत ताडपत्र्या परत येतात.

कायद्याने या वापराची दखल घेतली आहे, पण उशिरा. किनारपट्टी नियमनाची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय करता येईल आणि काय नाही, ते तिने ठरवलं. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख आला आणि त्यांच्या वस्त्या नकाशावर दाखवायला सांगितलं. १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली तेव्हा दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आला. घर वाढवू पाहणाऱ्या कोळ्याला याचा फायदा आहे, हे खरं. पण हॉटेल बांधणारा त्याच्याहून चपळ असतो, हेही तितकंच खरं. ज्या गावाने आपली वलांडी, आपली होड्या ओढायची वाट, आपलं जाळी शिवायचं मैदान आधीच मोजून, ठराव करून आराखड्यात घातलं असेल, त्याच्या हातात बोलायला काहीतरी असतं.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचंही असंच. समुद्र जमीन खातो म्हणून गावच दगड मागतं, आणि दगड पडल्यावर लक्षात येतं की होडी वर ओढायला वाटच उरली नाही. रापणीला तर मोकळी वाळू हवीच. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेलं लांब जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसं ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. दगडांच्या राशीवर उभं राहून दोर ओढता येत नाही. बंधाऱ्यात ठरावीक अंतरावर उतार सोडले की काम भागतं, फक्त ते दगड पडण्यापूर्वी सांगावं लागतं.

आधी न विचारल्याची किंमत किती होते, ते वरळीत दिसलं. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सेतूला जोडताना वरळी कोळीवाड्याच्या बोटींच्या ये-जा करण्याच्या वाटेवर खांब आले. दोन खांबांत अंतर ठरलं होतं ६० मीटर. बोट चार-पाच मीटर रुंद, तिला साठ मीटर कमी कसे, असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल. पण ती वाट खडकांमधली आहे. पाठीमागून लाट आणि बाजूने वारा असताना बोट सरळ रेषेत चालत नाही, ती झोके खात येते. इंजिन बंद पडलं तर ती वाहत किती लांब जाईल याला मोजमाप नाही. खांबावर आपटून परतणाऱ्या लाटा पाणी आणखी ढवळतात. मच्छीमारांनी काम अडवलं, ते महिनोन्‌महिने अडून राहिलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. कोळीवाड्याची मागणी याहूनही मोठ्या अंतराची होती. आराखडा कागदावर असताना हाच बदल खोडरबराने झाला असता. काम सुरू झाल्यावर त्याला आंदोलन, समिती, नवा आराखडा आणि मोठा जादा खर्च लागला.

मग बंदर चालवायचं कुणी? आज एका छोट्या बंदरात किती खाती नांदतात ते पाहावं. मासळीचं बंदर मत्स्यव्यवसाय विभागाकडे. प्रवासी जेटी आणि इतर लहान बंदरं १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन अभियंत्यांकडे. जमीन महसूल खात्याची. कचरा ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद उचलणार. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात कुबेर या मच्छीमार बोटीचा वापर झाल्यापासून सुरक्षेसाठी सागरी पोलीस. बंधाऱ्याची परवानगी द्यायची वेळ आली की किनारा व्यवस्थापन प्राधिकरण. धक्क्यावरचा दिवा गेला तर तो कुणी बदलायचा, याचं उत्तर मिळायला महिना जातो आणि तोवर रात्री आलेल्या बोटी अंधारात धक्का शोधतात.

केरळने २०२१ मध्ये मासळी लिलावाचा वेगळा कायदा केला. लिलाव कुणी करायचा, दलाली किती घ्यायची याला त्याने मर्यादा घातली आणि बंदरांच्या व्यवस्थापन समित्यांत मच्छीमारांना जागा दिली. दलालाने बोटीला आगाऊ पैसे द्यायचे आणि मासळी त्यालाच विकायची, हा व्यवहार आपल्या बंदरांनाही नवा नाही. कायद्याने तो एका रात्रीत संपत नाही. पण मासळीचा भाव बंदराच्या फळ्यावर लिहिला जाऊ लागला की घासाघीस तरी उघड्यावर होते. महाराष्ट्राने हे जरूर पाहावं. प्रत्येक बंदराची स्वतःची समिती, तिची वही, तिचं बँक खातं असावं. बोटीमागे लहानशी फी आणि लिलावावर किरकोळ शुल्क जमा व्हावं आणि ते त्याच बंदराच्या दिव्याला, नळाला, गटाराला लागावं. मोठा गाळ उपसण्याचा खर्च कुठल्याच समितीला झेपणार नाही, तो सरकारनेच करावा. पण पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बंदराच्या तोंडाशी खोली मोजून आकडा फळ्यावर लावणं समितीला जमतं. त्यासाठी एक होडी, एक वजन बांधलेला दोर आणि एक नोंद ठेवणारा माणूस पुरतो.

समितीत कोण बसणार, यावर बरंच अवलंबून आहे. बोटमालक आपोआप येतो. खलाशी, रापणकार, बोंबील सुकवणारी, टोपलीत मासळी घेऊन गावोगाव विकणारी यांना मुद्दाम बोलवावं लागतं. बोलावलं तरी बैठक सकाळी अकराला जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर त्यातलं कुणी येऊ शकत नाही. त्या वेळी बोटी समुद्रावर असतात आणि बायका बाजारात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं गावात असतात, जाळी शिवायला बसलेली असतात. आराखड्याची जाहीर सुनावणी या दोन महिन्यांत, बंदरावरच्याच लिलावगृहात, दुपारी तीननंतर ठेवावी. नकाशा मराठीत असावा आणि त्यावर खडकांची, वलांडींची, होड्यांच्या वाटांची गावातली नावं लिहिलेली असावीत.